साडेतेरा वर्षांच्या मुलीला तारा लावायच्यात: चार चांगले दात काढायलाच हवेत का?

हेदवीची_आई:

मुलगी साडेतेरा वर्षांची. वरचा उजवा सुळा ओळीबाहेर, उंचावर आलाय. खालचे पटाशीचे दात एकमेकांवर चढलेत. ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे), डोक्याचा बाजूनं काढलेला एक्स-रे आणि दातांची प्लास्टरची मॉडेल्स झाली. कागदावर लिहून मिळालंय ते असं: वर ७ मिमी जागा कमी, खाली ६ मिमी कमी, दाढांचा मेळ क्लास वन (म्हणजे वरखालच्या दाढा एकमेकींवर बरोबर बसतात), वरखालचे पुढचे दात पुढे झुकलेले. सल्ला: १४, २४, ३४, ४४ हे दात (वरखाली दोन्ही बाजूंच्या, सुळ्यामागच्या पहिल्या उपदाढा) काढून तारा लावा, दोन वर्षं धरा.

दुसरं मत घेतलं. तिथे म्हणाले, एकही दात काढायचा नाही, टाळू रुंद करू आणि अलाइनरवर (काढता-घालता येणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकच्या साच्यांवर) भागवू.

चारही दात धडधाकट आहेत, कीड नाही. ते काढायलाच हवेत का, हे ठरवायचं कशावर? सासूबाई म्हणतात, वरचा दात काढला की डोळा अधू होतो. त्यांना काय सांगू? शिवाय आम्ही गुहागर तालुक्यात आडबाजूला राहतो, पावसाळ्यात एखादी फेरी हमखास चुकते. त्याचा या निर्णयाशी काही संबंध आहे का? धाकटा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि त्याचीही खालच्या दातांची दाटी दिसायला लागलीय. त्याच्यासाठी आत्ताच काही करता येईल का?

ऑर्थो_सावंतवाडी:

ताई, दोघांनी दोन टोकांचं सांगितलं म्हणून एकजण फसवतोय असं धरून चालू नका. जागेची कमतरता ४ मिमीपर्यंत असली की सहसा दात काढावे लागत नाहीत. १० मिमी किंवा जास्त असली की बहुतेक वेळा काढावे लागतात. ५ ते ९ च्या पट्ट्यात दोन्ही करता येतं आणि निर्णय दुसऱ्या गोष्टींवर जातो. तुमची मुलगी नेमकी या पट्ट्यात आहे.

काम संपल्यावर पुढचे दात कुठे उभे असायला हवेत, हे आधी ठरवायचं. आहेत तिथेच, थोडे मागे, की आणखी थोडे पुढे गेले तरी चालेल? एकदा ते ठरलं की बाकीचा हिशेब कागदावर मांडता येतो. मी तुमच्याच आकड्यांवर मांडतो.

सुरुवात खालच्या जबड्यापासून. वरच्या टाळूला मधोमध सांधा असतो, तो वाढत्या वयात उघडता येतो. खालच्या जबड्याचा सांधा वयाच्या पहिल्या वर्षातच जुळून जातो. खालच्या दोन सुळ्यांमधलं अंतर तारेनं ताणून वाढवलं तरी तार निघाल्यावर ते पुन्हा आक्रसतं. म्हणून हद्द खालची कमान ठरवते, वरची तिच्यावर बसवायची असते.

खाली ६ मिमी कमी. शिवाय खालची ओळ बाजूनं पाहिली की होडीच्या तळासारखी मध्ये खोल असते. ती सपाट करायलाही जागा लागते, साधारण १ मिमी धरू. झाले ७. वर ७ आहेतच.

एक सूत्र लक्षात ठेवा. पुढचे दात १ मिमी मागे न्यायचे तर २ मिमी जागा लागते, उजवीकडे एक आणि डावीकडे एक. पुढे ढकलले तर तेवढीच मिळते.

समजा, ओठ आहेत तिथेच ठेवायचेत. मग ७ मिमी दात न काढता कुठून आणायचे? दातांच्या मधल्या फटीत इनॅमल घासून, दोन्ही दात मिळून एका फटीत अर्धा मिमीपर्यंत घेता येतात. खाली सुळ्यापासून सुळ्यापर्यंत पाच फटी, आणि दोन्ही बाजूंना उपदाढांपर्यंत गेलं की नऊ. म्हणजे ४.५ मिमी. राहिले २.५, ते पटाशीचे दात सव्वा मिमी पुढे नेऊन मिळतील. कागदावर जमतं. दुसऱ्या डॉक्टरांच्या मनात असाच काहीसा हिशेब असणार.

आता समजा, पुढे झुकलेले दात अडीच मिमी मागे घ्यायचेत. ७ अधिक ५, म्हणजे १२ मिमी लागतील. घासून एवढी जागा निघत नाही. पहिली उपदाढ साधारण ७ मिमी रुंद असते. दोन्ही बाजूंची काढली की एका जबड्यात १४ मिळतात. १२ वापरले, उरले २, म्हणजे प्रत्येक बाजूची दाढ १ मिमी पुढे सरकू द्यायची. वर आणि खाली हिशेब सारखाच, म्हणून दाढांचा क्लास वन मेळही टिकतो.

दोन्ही वाटा आकड्यांत बसतात. तेव्हा तीन गोष्टी घरी पाहून इथे लिहा.

ओठ: मुलीला ताठ बसवा, ओठांवरून जीभ फिरवायला सांगा आणि मग ओठ सैल सोडायला सांगा. तोंड बंद करायला सांगायचं नाही. ओठांत किती फट राहते? ३-४ मिमीपर्यंत चालते. मग ओठ मिटायला सांगा आणि हनुवटीकडे पाहा. तिथे संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडत असतील तर ओठ मिटायला स्नायूंना जोर लावावा लागतोय, म्हणजे दात पुढे आहेत.

हिरडी: खालचा ओठ हलकेच खाली ओढा. पटाशीच्या दातांखाली हिरडी जाड, फिकट गुलाबी आहे की पातळ? मुळांचे उभे कंगोरे वरून जाणवतात का? हिरडी पातळ असेल तर तिथले दात पुढे ढकलणं धोक्याचं. मुळावरचं पुढचं हाड आधीच कागदासारखं पातळ असतं, त्याबाहेर मूळ गेलं की हिरडी उतरते आणि दात लांब दिसू लागतो. उतरलेली हिरडी आपोआप परत चढत नाही.

चावा: मागच्या दाढा मिटल्यावर वरच्या दाढा खालच्यांच्या बाहेर बसतात की आत? आत बसत असतील तर टाळू अरुंद आहे आणि रुंद करायला खरं कारण आहे.

अलिबाग_ऑर्थो:

वरचा हिशेब बरोबर आहे. टाळू रुंद करण्याबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण आजकाल तो शब्द फार सैलपणे वापरला जातो.

एक्सपान्डर म्हणजे टाळू रुंद करायचं स्क्रूचं उपकरण. त्याची चावी एकदा फिरवली की पाव मिमी. दिवसातून दोनदा फिरवली की रोज अर्धा मिमी. सांधा उघडला की काही दिवसांत वरच्या दोन मधल्या दातांत फट दिसते, ती पाहून घाबरायचं नाही, ती काम होत असल्याची खूण आहे. हवी तेवढी रुंदी आली की स्क्रू बंद करून उपकरण कित्येक महिने तसंच ठेवावं लागतं, सांध्यात नवं हाड भरेपर्यंत. साडेतेराच्या मुलीत हे बहुधा शक्य असतं. पुढे सांधा घट्ट होत जातो आणि मग टाळूऐवजी नुसत्या दाढा बाहेर कलंडतात.

पण मिळतं किती? रुंदी १ मिमी वाढली तर कमानीची लांबी साधारण ०.७ मिमी वाढते. वरचे ७ मिमी नुसते यातून काढायचे तर १० मिमी रुंद करावं लागेल. मग वरच्या दाढा खालच्यांना सोडून बाहेर जातील, कारण खालचा जबडा त्यांच्यामागे जात नाही. टाळू अरुंद असेल, दाढांचा उलटा चावा असेल, तरच रुंद करा. चावा सरळ असताना केवळ जागा काढण्यासाठी ताणलं तर दाढांच्या बाहेरच्या बाजूची हिरडी उतरते आणि पुढचा चावा उघडतो, म्हणजे वरखालचे पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत.

दाढा मागे सरकवण्याची वाट आहे. हाडात बसवलेल्या बारीक मिनी स्क्रूच्या आधारानं वरच्या दाढा २-३ मिमी मागे नेता येतात. त्याआधी ओपीजीवर अक्कलदाढेचा अंकुर आणि मागची जागा पाहायची. खाली हे जास्त कठीण जातं.

अलाइनर हे फक्त दात हलवायचं साधन आहे. ते प्लास्टिकचं असो की धातूचं, वरचा मिलिमीटरचा हिशेब तोच राहतो. आणि अलाइनर दिवसाचे २०-२२ तास घातला तरच चालतो, हे शाळेतल्या मुलीच्या बाबतीत आधी ठरवून घ्या.

ज्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते म्हणजे मोजमापाआधी ठरलेली मतं. हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. तारांच्या उपचाराचा पाया घालणारे अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल म्हणत, बत्तीसही दात ठेवा. त्यांचे समकालीन दंतवैद्य कॅल्विन केस यांनी १९११ साली त्याविरुद्ध जाहीर मांडणी केली. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी दात न काढता केलेले आणि बिघडलेले स्वतःचे रुग्ण दात काढून पुन्हा उपचारांत घेतले आणि ते सर्वांसमोर ठेवले. त्यानंतर काही दशकं उलटी लाट आली आणि सरसकट दात काढले गेले. ज्यांचं नाक आणि हनुवटी मोठी, ओठ आधीच पातळ आणि मागे, अशांचेही काढले. मग चेहरा बसला, ओठ आत गेले. 'दात काढल्यानं चेहरा म्हातारा दिसतो' ही भीती तिथून आली. ओठ पुढे असलेल्या चेहऱ्यावर ती लागू होत नाही.

दात काढल्यानं जबड्याचा सांधा बिघडतो किंवा श्वासाचा मार्ग अरुंद होतो, असंही कोणी सांगेल. नीट केलेल्या अभ्यासांत याला आधार मिळालेला नाही. श्वासमार्गाबद्दल अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्सच्या २०१९ च्या निवेदनातही हाच निष्कर्ष आहे.

दोन्ही डॉक्टरांना एक विचारा: ६ आणि ७ हे आकडे कसे काढले? मॉडेलवर पितळी तार एका पहिल्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या पहिल्या दाढेपर्यंत कमानीवरून फिरवतात, मग सरळ करून मोजतात. तिच्यातून दाढांच्या पुढच्या दातांच्या रुंदीची बेरीज वजा करतात. पुढचे दात झुकलेले असताना तार त्यांच्या कडेवरून नेली तर कमान उगाच लांब भरते आणि कमतरता कमी दिसते. अशा वेळी तार दाताच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यावरून न्यायची असते. तुमच्या मुलीचे दात झुकलेले आहेत, म्हणून हे विचाराच. दीड-दोन मिमीचा फरक इथेच पडतो आणि निर्णय तेवढ्यानंच पालटतो.

मालवण_दंतवैद्य:

दात काढण्याची बाजू मी सांगतो. चिठ्ठी आमच्याकडेच येते.

पहिली आणि कळकळीची गोष्ट: बाहेर आलेला सुळा कोणालाही काढू देऊ नका. 'तो एकच दात वाकडा आहे, तो काढला की झालं' असं गावोगाव ऐकू येतं. सुळ्याचं मूळ सगळ्या दातांत लांब असतं, ओठाचा कोपरा त्याच्यावर उचलून धरलेला असतो आणि जबडा बाजूला सरकताना भार तोच घेतो. त्याच्या मागची उपदाढ काढली की तो स्वतःच्या जागी खाली येतो. सुळा काढला तर तो खड्डा आयुष्यभर दिसतो.

दुसरी: ऑर्थोडॉन्टिस्टची (तारा लावणाऱ्या डॉक्टरांची) लेखी चिठ्ठी हातात आल्याशिवाय दात काढू नका. चिठ्ठीत आकडा आणि शब्द दोन्ही हवेत, म्हणजे '१४, वरची उजवी पहिली उपदाढ'. फोनवर 'चार नंबरचा' असं सांगून काढलेला दात चुकू शकतो. या वयात एखादी दुधाची दाढ राहिलेली असते आणि मोजणी एकानं सरकते. खुर्चीवर बसल्यावर डॉक्टरांना ओपीजी समोर लावून दात मोजून दाखवायला सांगा. त्यात संकोच कसला?

धडधाकट दात काढण्याआधी ओपीजीवर बाकीचे दात बघायचे. शेजारच्या दुसऱ्या उपदाढेत मोठं फिलिंग किंवा रूट कॅनाल असेल तर तीच काढून चांगली पहिली ठेवता येते का, हे ऑर्थोडॉन्टिस्टला विचारावं. सहाव्या वर्षी येणारी पहिली दाढ अगदी खराब असेल तर कधी तीही निवडतात. पण ती जागा १० मिमीच्या वर असते, मिटायला जास्त महिने लागतात आणि मागची दाढ आडवी कलते.

काढताना: भूल सुईची, लिग्नोकेनची. वरच्या पहिल्या उपदाढेला बहुधा दोन बारीक मुळं असतात, म्हणून ती पिळून काढायची नाही, आतबाहेर हळूहळू सैल करायची. खालचीला सहसा एकच गोल मूळ, ती थोडी फिरवली तरी चालते. बाहेरच्या बाजूचं हाड फुटू द्यायचं नाही, कारण पुढे सुळा त्याच हाडातून सरकायचा असतो. चारही एका दिवशी न काढता एका बाजूचे वरखाली दोन, आणि आठवड्यानं दुसऱ्या बाजूचे दोन काढले की पोर एका बाजूनं जेवू शकते.

नंतर: कापसाची घडी अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायची. दर पाच मिनिटांनी काढून बघायची नाही, रक्त थांबत नाही ते त्यामुळेच. २४ तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉनं पिणं नाही, कारण गुठळी निसटते. पहिल्या दिवशी पेज निववून, दहीभात, सोलकढी मिरची न घालता. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा आणि मऊ घावणे, आंबोळी. दुखलं तर पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे. ॲस्पिरिन द्यायची नाही. हृदयाला छिद्र, झडपेचा आजार, साधं खरचटलं तरी रक्त न थांबणं, यातलं काही असेल तर भूल देण्याआधी सांगा.

आता डोळ्याचं. आजींच्या मनातल्या भीतीला एक धागा आहे, तो समजावून सांगा. वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू झाला तर सूज गालावर, थेट डोळ्याखाली येते, पापणी मिटते. जुन्या काळी लोक दात काढायला जायचे ते अशाच सुजलेल्या अवस्थेत. मग दात आणि डोळा यांची सांगड बसली. प्रत्यक्षात वरच्या दातांची संवेदना चेहऱ्याच्या वेगळ्या नसेतून जाते. दिसण्याची नस डोळ्याच्या मागून सरळ मेंदूत जाते. उपदाढ काढताना तिला हातसुद्धा लागत नाही. डोळ्याला खरा धोका आहे तो पू झालेला दात तसाच ठेवण्यात.

हेदवीची_आई:

सगळ्यांचे आभार. तिघांचं वाचून घरी पाहिलं आणि पट्टी लावून मोजलं.

सैल सोडल्यावर ओठांत ६ मिमी फट राहते. मिटायला सांगितलं की हनुवटीवर खळगे पडतात. खालची हिरडी पातळ आहे, मधल्या दोन दातांखाली मुळांचे उंचवटे दिसतात. दाढांचा चावा सरळ, वरच्या बाहेर. मोजणीबद्दल दोन्हीकडे विचारलं. पहिल्या ठिकाणी तार आतल्या उंचवट्यावरून नेली होती. दुसऱ्या ठिकाणी मॉडेल केलंच नव्हतं, तोंडात बघून अंदाज दिला होता.

चिठ्ठी मिळालीय. दात पुढच्या आठवड्यात काढून तारा गणपतीनंतर लावायच्या, असं चालेल का?

ऑर्थो_सावंतवाडी:

या चार उत्तरांवर माझा कौल दात काढण्याकडे आहे. फट जास्त, हनुवटीवर ताण, हिरडी पातळ आणि टाळू रुंद करायला कारण नाही. दात न काढता केलं तर दाटी सुटेल, पण ओठ आणखी उघडे राहतील आणि खालच्या मधल्या दोन दातांची हिरडी पणाला लागेल. तुम्ही दाखवलेल्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासून सांगितलेलं माझ्या मतापेक्षा वरचढ धरा.

पण दात काढून तारा महिन्या-दोन महिन्यांनी, हे करू नका. तुमच्या पावसाळ्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. हिशेबात दाढांना पुढे यायला प्रत्येकी १ मिमीच शिल्लक आहे. उपदाढ निघाली की मागचे दात मोकळ्या जागेकडे कलायला लागतात, आणि रिकाम्या जागेतलं हाडही अरुंद होत जातं. आधार नसताना दाढांनी ७ मिमीतला एक तृतीयांश खाल्ला तर २.३ मिमी गेले. म्हणजे पुढचे दात अडीचऐवजी सव्वा मिमीच मागे जातील. चार दात गमावूनही ओठ जवळपास तिथेच राहतील.

क्रम असा मागा: आधी दाढांना बँड (दाढेभोवती बसवायचं धातूचं कडं), वरच्या दोन दाढा जोडणारी टाळूवरची तार, खाली जिभेच्या बाजूची तार. मग दात काढणं. मग आठ-पंधरा दिवसांत ब्रॅकेट, म्हणजे तार धरणारे, दातांवर चिकटवायचे तुकडे. अडीच मिमीच मागे न्यायचंय, तेव्हा मिनी स्क्रू लागतीलच असं नाही. दाढा हलताना दिसल्या तर मध्येही बसवता येतात. डॉक्टरांनी दर दोन-तीन भेटींना दाढांचा मेळ तपासून लिहून ठेवावा, हे सांगून ठेवा.

पुढचं वेळापत्रक ढोबळमानानं: पहिले पाच-सहा महिने बारीक निकेल टायटॅनियमच्या तारांवर दाटी सुटते. तुमच्या बाबतीत इथे एक नाजूक जागा आहे, तो उंच सुळा. तो पहिल्याच दिवशी मऊ तारेत सरळ अडकवला तर सुळा खाली येतोच, पण शेजारचे दात त्याच्याकडे वर ओढले जातात आणि त्या बाजूचा चावा उघडतो. म्हणून बाकीच्या दातांवर जाड तार बसवून सुळ्यासाठी वरून वेगळी बारीक तार बांधतात. थोडा वेळ जास्त जातो, तो जाऊ द्या.

त्यानंतर चौकोनी स्टीलच्या तारेवर उरलेली जागा मिटवणं. एका बाजूला १५० ते २०० ग्रॅम ओढ, महिन्याला साधारण १ मिमी. घाई म्हणून ओढ वाढवली तर दात मुळासकट सरकण्याऐवजी कलंडतात, चावा खोल होतो आणि दाढा पुढे येतात. शेवटचे चार-सहा महिने मुळं समांतर करणं आणि चावा बसवणं. दोन वर्षं हा आकडा रास्त आहे.

पावसाळ्यात फेरी चुकली तर रबरी चेन काही आठवड्यांत ढिली पडते, नुकसान वेळेचं होतं, बाकी काही नाही. खरा धोका वेगळा: मागचा बँड सुटलाय आणि जागा मिटवणारी स्प्रिंग ओढतच आहे. तेव्हा दाढ एकटी पुढे येते. बँड हलताना जाणवला की त्याच दिवशी फोटो पाठवा आणि डॉक्टरांनी सांगितलं तर स्प्रिंगचं टोक घरीच हुकातून सोडवा. ते कसं सोडवायचं हे पहिल्याच भेटीत आरशात करून दाखवायला सांगा. ब्रॅकेट तुटतात ते कुर्ल्यांच्या नांग्या फोडून, खाजं चावून, बर्फ चघळून. आंबापोळी, फणसपोळी ब्रॅकेटभोवती चिकटून बसते, खायचीच तर लगेच घासणं आलं.

तारा काढल्यावरचा भाग लोक विसरतात. दात काढून केलेल्या उपचारातही खालचे पटाशीचे दात पुन्हा दाटतात. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पहिल्या उपदाढा काढलेल्या ६५ रुग्णांची रिटेनर थांबवल्यावर दहा वर्षांनी तपासणी झाली होती, १९८१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सुमारे दोन तृतीयांश जणांची खालची ओळ समाधानकारक राहिली नव्हती. म्हणून खाली सुळ्यापासून सुळ्यापर्यंत आतून चिकटवलेली तार, वर रात्रीची प्लेट, आणि हे वर्षानुवर्षं. चिकटवलेली तार एका दातावरून सुटली तर तो एकटाच दात हलतो आणि बाकीचे जागेवर असल्यानं लक्षात येत नाही. महिन्यातून एकदा नखानं चाचपून बघायची सवय लावा.

बालदंत_राजापूर:

धाकट्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण दात काढणं टाळायची सर्वात चांगली संधी त्याच्याकडे आहे.

खालची दुधाची दुसरी दाढ तिच्या जागी येणाऱ्या उपदाढेपेक्षा २ मिमीहून जास्त रुंद असते. खाली दुधाचा सुळा आणि दोन दुधाच्या दाढा मिळून प्रत्येक बाजूला सरासरी १.७ मिमी जागा शिल्लक पडते, दोन्ही बाजूंची ३.४. वर प्रत्येक बाजूला ०.९. एरवी ही जागा सहावर्षीय दाढ पुढे सरकून खाऊन टाकते. दुधाची दुसरी दाढ पडायच्या आधी दोन्ही खालच्या पहिल्या दाढांना बँड लावून जिभेच्या बाजूनं एक तार बसवली की दाढा थांबतात आणि तेवढी जागा दाटी सोडवायला मिळते. तीन-चार मिमीची दाटी असेल तर काम यातच होऊन जातं.

वेळ महत्त्वाची. दुधाची दुसरी दाढ साधारण दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान पडते. ती पडल्यावर आणलेल्या मुलाला हे देता येत नाही. आठव्या वर्षी एक ओपीजी काढून ठेवा, सगळ्या उपदाढांचे अंकुर आहेत ना तेही कळेल. मग दर सहा महिन्यांनी दाखवा आणि दुधाच्या दाढा हलायच्या आत तार बसवा. पटाशीचे दात पूर्ण वर आलेले हवेत, नाहीतर तार त्यांच्या वाटेत येते.

त्याआधी त्या दुधाच्या दाढांतली कीड भरून घ्या. 'पडणारेच आहेत' म्हणून सोडलेली दाढ लवकर काढावी लागली की मागची दाढ पुढे येते आणि सांगितलेली सगळी जागा तिथेच संपते. आधीच काढावी लागली असेल तर त्याच आठवड्यात स्पेस मेंटेनर (ती जागा राखून ठेवणारं उपकरण) बसवून घ्या.

हेदवीची_आई:

बँड आधी, दात मग, असं डॉक्टरांशी बोलले, त्यांनी मान्य केलं. बँड आणि दोन्ही तारा या शनिवारी. उजव्या बाजूचे १४ आणि ४४ त्यानंतरच्या शनिवारी, डावीकडचे २४ आणि ३४ पुढच्या आठवड्यात. धाकट्याचा ओपीजी त्याच फेरीत. सासूबाईंना डोळ्याखालच्या सुजेचं वाचून दाखवलं. त्यांच्या थोरल्या बहिणीला तशीच सूज आली होती म्हणाल्या. शनिवारी त्या सोबत येताहेत.